वरातीमागून लोकमत

राष्ट्राची तिजोरी कोणाच्या हाती, हा प्रश्न वरवर अर्थशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो स्वराज्याचा प्रश्न आहे. २०१२ च्या युरोपीय वित्तीय कराराने तो स्पष्टपणे पुढे आणला.

२ मार्च २०१२ रोजी युरोपीय संघाच्या तत्कालीन २७ पैकी २५ राष्ट्रांनी या करारावर स्वाक्षऱ्या केल्या. ब्रिटन व चेक प्रजासत्ताक दूर राहिले. संरचनात्मक वित्तीय तूट सामान्यतः सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.५ टक्क्यांच्या आत ठेवावी आणि हे बंधन प्रत्येकाने आपल्या कायद्यात, शक्यतो राज्यघटनेतच नोंदवावे, असा त्याचा गाभा. ग्रीसच्या कर्जसंकटाने पोळलेल्या युरोपला शिस्त हवी होती, हे मान्यच केले पाहिजे. ऋण काढून सण साजरा करणाऱ्यास कधीतरी हिशेब द्यावाच लागतो. प्रश्न इतकाच, की ही शिस्त कोणाला विचारून लावली गेली?

आयर्लंडने जनतेला विचारले. ३१ मे २०१२ च्या सार्वमतात सुमारे निम्म्या मतदारांनी मतदान केले आणि त्यांतील ६० टक्क्यांनी होकार दिला. संसदीय समितीत चर्चा झाली, मतदारांना माहितीपुस्तिकाही मिळाल्या. पण नकाराला किंमत किती होती? युरो चलनाच्या १७ पैकी १२ राष्ट्रांनी मान्यता देताच करार लागू होणार होता. म्हणजे आयर्लंडचा नकार तो रोखू शकत नव्हता. उलट, मान्यता न देणाऱ्यास १ मार्च २०१३ नंतर युरोपच्या नव्या साहाय्यनिधीतून मदत मिळणार नव्हती. आधीच परकीय कर्जाच्या आधारावर उभ्या असलेल्या देशापुढे ठेवलेला हा पर्याय होता! मसुदा ठरल्यावर, स्वाक्षरी झाल्यावर आणि दंड जाहीर केल्यावर घेतलेला कौल म्हणजे वरातीमागून घोडे.

जर्मनीने मात्र वेगळा धडा घालून दिला. १२ सप्टेंबर २०१२ रोजी तेथील घटना न्यायालयाने हा करार आणि साहाय्यनिधी यांना वाट मोकळी करून दिली, पण अटी घालून. निधीतील जर्मनीचे दायित्व संसदेच्या संमतीवाचून सुमारे १९० अब्ज युरोंपलीकडे जाणार नाही आणि गोपनीयतेच्या नावाखाली संसदेपासून माहिती दडविली जाणार नाही, हे त्याने बजावले. अर्थसंकल्पाचा अधिकार गमावलेली संसद केवळ शोभेची उरते, हे त्यामागील सूत्र.

आपणही आत्मपरीक्षण करावे. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करारास संसदेची पूर्वमान्यता घेण्याचे बंधन राज्यघटनेत नाही. जागतिक व्यापार संघटना जन्माला घालणाऱ्या करारावर १९९४ साली अशा मान्यतेवाचूनच स्वाक्षरी झाली आणि शेती व औषधे यांवरील त्याचे परिणाम पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाट्याला आले.

वाटाघाटी सरकारनेच कराव्यात. परंतु मसुदा बदलता येण्याजोगा असतानाच तो लोकप्रतिनिधींपुढे आला पाहिजे. ‘नाही’ म्हणण्याची सोय नसेल, तर ‘होय’ला अर्थ उरत नाही.