टेबलाला मराठी शब्द शोधणाऱ्यांस

'टेबल' या शब्दाला मराठीत प्रतिशब्द नाही, हे मराठीचे दारिद्र्य नव्हे काय? दर दोन-चार वर्षांनी कोणी ना कोणी मोठ्या कळवळ्याने हा प्रश्न उपस्थित करतो आणि मग उत्तरांची रांग लागते. कोणी 'मेज' सुचवतो, कोणी देवघरातला चौरंग ताणून मोठा करू पाहतो, कोणी संस्कृताच्या भांडारातून 'उत्पीठिका' काढून आणतो. आमचे म्हणणे असे, की मुळात प्रश्नच चुकीचा आहे. चार पायांवर फळी ठोकलेल्या एका वस्तूच्या नावासाठी आपण शंभर वर्षे भांडत राहिलो, आणि त्याच अवधीत त्या शब्दाने मराठीची दुसरीच पाच-सात घरे बळकावली. तिकडे कोणी पाहिले नाही.

या वादाचे मोठे पीठ रत्नागिरी. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात तेथे स्थानबद्ध होते आणि भाषाशुद्धीची चळवळ त्यांनी तेथूनच चालवली. त्या चळवळीची टवाळी करणे आज सोपे आहे. आम्हांस ती करायची नाही. 'दिनांक', 'महापौर', 'चित्रपट', 'दिग्दर्शक' हे शब्द वापरल्याशिवाय आज तिच्या टीकाकारांचेही पान हलत नाही. पण फाउंटन पेनला सुचवलेली 'झरणी' मात्र झरली नाही. असे का व्हावे? जिंकलेल्या शब्दांकडे पाहा: ते पत्राच्या माथ्यावर, पालिकेच्या फलकावर, सिनेमाच्या जाहिरातीत राहणारे शब्द आहेत. कोणीतरी छापायचे ठरवले की ते छापले जातात आणि इतरांना ते वाचावे लागतात. कारकुनाला 'तारीख' खोडून 'दिनांक' लिहायला सांगता येते. खिशातले पेन आणि ओटीवरचे टेबल यांच्यावर असला हुकूम चालत नाही. घरातल्या वस्तूचे नाव ती वस्तू जो पुसतो, ओढतो, दुरुस्त करतो तोच ठरवतो. तो कोश उघडून बसत नाही.

शिवाय, स्वतः सावरकरांनी जी वस्तूच परकी आहे तिचे परके नाव घ्यायला मुभा ठेवली होती. त्यांचा मुख्य आक्षेप होता तो आपला शब्द जिवंत असताना त्याला मारून परका आणण्यावर. हा भेद महत्त्वाचा होता. अनुयायांनी नेमका तोच सोडला आणि वस्तूंच्या मागे लागले.

आता 'मेज' या शब्दाचीच गंमत पाहावी. तो शुद्ध मराठी म्हणून सुचवला जातो, आहे फारसी. ज्यांना 'टेबल' परका वाटतो त्यांना 'मेज' घरचा वाटावा, एवढाच त्याचा जुनेपणा. तेरेखोलच्या खाडीपलीकडे गोव्यात कोकणी माणूस आजही घरातल्या टेबलाला 'मेज'च म्हणतो. तिथे त्याच्या पाठीशी पोर्तुगीजांचा 'मेझा' उभा आहे. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्याची हद्द त्या खाडीला भिडलेली होती. म्हणजे एकाच वस्तूसाठी खाडीच्या दक्षिणेस 'मेज', उत्तरेस 'टेबल'. ज्याच्या हाती जी राजवट आली, त्याच्या घरी तो शब्द आला. यात शुद्ध कोण आणि अशुद्ध कोण? ज्या रत्नागिरीत बसून आपण परके शब्द हाकलायचे बेत केले, त्या रत्नागिरीची जगभर ओळख असलेला 'हापूस' हा आफोन्सो नावाच्या पोर्तुगीजाचा अपभ्रंश आहे. त्याला हाकलण्याचे धाडस अजून कोणी केलेले नाही.

मराठीच्या घरातून 'मेज' गेला, पण पुरता मेला नाही. १९३० ते १९३२ च्या परिषदांना आपण 'गोलमेज' म्हटले ते कायमचे. आणि 'मेजवानी'त तर तो इतका खोल मुरला आहे की कोणाला दिसतही नाही. पाटावर मांडी घालून, केळीच्या पानावर जेवलेली मेजवानी कोकणात कोणालाही विसंगत वाटत नाही. इंग्रजीचेही हेच झाले आहे. तिच्यात जेवणाच्या फळीला 'बोर्ड' हा घरचा शब्द होता. लॅटिनमधून 'टेबल' आला, त्याने जेवणघर घेतले आणि 'बोर्ड' संचालकांच्या खोलीत जाऊन बसला. इंग्रजी माणूस त्याबद्दल सुतक पाळत नाही.

म्हणून टेबलाला टेबलच म्हणावे. नपुंसकलिंगी, 'ते टेबल', 'ती टेबले', 'टेबलावर', 'टेबलाखाली': विभक्तीचे सगळे संस्कार झालेले आहेत. ज्या शब्दाचे सामान्यरूप आठ वर्षांचे मूल न शिकवता करते, त्याच्याकडे जन्मदाखला मागण्यात अर्थ नाही.

मग तक्रार कशाची? तक्रार अशी की इंग्रजीत 'टेबल' हे एका वस्तूचे नाव नाही, डझनभर उपयोगांचे नाव आहे. त्या उपयोगांपैकी बहुतेकांना मराठीत स्वतःचा, वेगवेगळा, नेमका शब्द होता. शब्दाला शब्द शोधणाऱ्यांनी हे कधी लक्षात घेतले नाही.

इंग्रज 'टेबल मांडतो', आपण 'पाने घेतो'. तो टेबलाशी बसतो, आपण पानावर बसतो. त्याने मध्येच उठणे हा शिष्टाचाराचा भंग, आपण भरल्या पानावरून उठणे हा अन्नाचा अपमान. इथे 'टेबल'चा अनुवाद 'पान' आहे. मेज नव्हे, उत्पीठिका तर नव्हेच. तो कोणत्याही कोशात 'टेबल'पुढे सापडणार नाही, कारण कोशकार वस्तूकडे पाहत होता, माणसे काय करतात याकडे नव्हे. उलट बाजूने आज काय होते? 'पाने घेतली आहेत, चला' याच्या जागी 'टेबल लावलंय' आले आहे. हे वाक्य मराठी माणसाने मराठी शब्द नाही म्हणून उसने घेतलेले नाही. होता तो टाकून घेतले आहे.

इथे कोणी आम्हांस गतकाळाचे भाट समजू नये. पानाला जोडून पंगत होती, आणि पंगतीला जोडून पंक्तिभेद. कोणी कोणाच्या शेजारी बसायचे, कोणाला ओटीवर आणि कोणाला अंगणात वाढायचे, हे सारे त्या शब्दात वाढलेले होते. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल टिळक-रानड्यांसारख्यांवरही प्रायश्चित्ताची वेळ आली. हे रत्नागिरीत ज्याला सर्वांत चांगले कळले होते तो माणूस तोच, भाषाशुद्धीवाला. १९३० च्या दशकात तेथे सहभोजने झाली, सर्व जातींना खुले असलेले उपाहारगृह निघाले. आम्हांस विचाराल तर त्या तेरा वर्षांत मराठी शब्दांवर झालेले सर्वांत मोठे काम हेच: 'पंगत' हा शब्द न बदलता त्याचा अर्थ बदलायला घेणे. ते काम अर्धवट राहिले, आणि पुढे पंगत मोडली ती बरीचशी खानावळीतल्या टेबलाने, जिथे शेजारी कोण येऊन बसेल हे आपल्या हाती नसते. हे टेबलाचे आपल्यावरचे ऋण आहे आणि ते आम्ही नाकारत नाही. पण पंक्तिभेद जावा म्हणून पान जायला हवे होते, असे कोणी सिद्ध केलेले नाही.

सरकारी अनुवादाची तऱ्हा आणखी निराळी. भाषा संचालनालय १९६० मध्ये निघाले, १९६२ च्या पदनामकोशाची 'बदनामकोश' म्हणून भरपूर थट्टा झाली. ती अर्धी अन्यायाची होती, कारण त्यातले कितीतरी शब्द आज आपण बिनबोभाट वापरतो. पण 'टेबल'च्या बाबतीत शासनव्यवहाराने जे स्वीकारले त्याला तोड नाही: सभागृहाचे 'पटल'. पटल म्हणजे आच्छादन, पापुद्रा. मराठी माणसाला तो शब्द डोळ्यांच्या डॉक्टरकडे भेटतो, दृष्टिपटल म्हणून. अहवाल पटलावर ठेवला म्हणजे नेमका कोठे ठेवला, हे विधिमंडळाबाहेरच्या माणसाला उमगत नाही. 'सभागृहापुढे मांडला' हे सरळ मराठी हाताशी होते; त्यात टेबलही नाही आणि पटलही नाही. (ब्रिटिश संसदेत 'टेबल करणे' म्हणजे चर्चेला घेणे, अमेरिकेत तेच चर्चेतून बाजूला सारणे. आपल्या पटलाने दोन्ही अर्थ एकाच वेळी साधले आहेत, असे काही अहवालांचे पुढे काय झाले ते पाहता म्हणावे लागते.)

याउलट सरकारी कचेरीनेच 'टेबल'ला दिलेला अर्थ पाहा. 'हे आमच्या टेबलाचं काम नाही', 'त्या टेबलाला विचारा', 'फाईल दुसऱ्या टेबलावर गेली.' इथे टेबल म्हणजे माणूस, पद, अधिकार आणि टाळाटाळ, सगळे एकत्र. टेबलाला विचारणे इंग्रजाच्या स्वप्नातही आले नसेल. हा अस्सल मराठी शब्द आहे, रांगेत उभ्या राहिलेल्या लोकांनी घडवलेला. ज्यांना मराठीचे दारिद्र्य दिसते त्यांनी आधी या टेबलाचे इंग्रजी करून दाखवावे.

पण सर्वांत मोठी हानी पाढ्यांची. शाळेतल्या मुलांना आता 'टेबल्स' येतात. वेळापत्रक गेले, टाइमटेबल आले, तेही आम्ही सोसू. कोष्टकाची 'सारणी' झाली, तीही हिंदीची ताई म्हणून घरात घेऊ. 'पाढा' मात्र नुसता एक शब्द नाही. तो गेला की 'गाऱ्हाण्यांचा पाढा वाचणे' निराधार होते, 'बे एके बे'ची लय जाते आणि आजीला नातवाचा अभ्यास घेता येईनासा होतो. ज्या बाईने घरखर्चाचे हिशेब जन्मभर तोंडी केले ती 'टू थ्रीज आर सिक्स'पुढे अडाणी ठरते. आणि पाढा म्हणजे केवळ बे ते तीस नव्हे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, म्हणजे साडेतीनची, हे अपूर्णांकांचे पाढे होते. त्यांना इंग्रजीत नाव नाही, म्हणून इंग्रजी शाळेत जागा नाही, आणि आता मराठी शाळेतही नाही.

यातल्या पाऊणकीचा किनाऱ्यावर एक खास उपयोग असे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. उधाण कधी आणि भांग कधी हेही तिथीवरूनच कळते. इंग्रजीत ज्याला भरतीचे टेबल म्हणतात ते दरवर्षी छापावे लागते. इथे ते पाढ्यातच होते, आणि छापल्यावाचून ते बापाकडून मुलाकडे जात असे. भाट्याच्या खाडीच्या मुखाशी उभ्या असलेल्या नातवाला आज मोबाइलवर भरतीची वेळ मिनिटासकट दिसते; ती अधिक अचूक आहे यात वाद नाही. फक्त त्याचा आजा कालची तिथी विचारून ती वेळ कशी सांगतो, हे त्याला कळत नाही, आणि 'पाऊणकी म्हणजे काय?' असे त्याने विचारले तर सांगायला आपल्याकडे शब्द उरतो तो 'टेबल'.