वावड्याचा पुरावा

‘वावडे’ हा आपल्याकडचा जुना शब्द. कोणाला वांग्याचे वावडे, कोणाला कोळंबीचे. परंतु तो कानी पडताच घरातील वडीलधाऱ्यांच्या मुद्रेवर किंचित अविश्वास उमटतोच. पानातला पदार्थ नाकारणाऱ्याचे हे नखरे, असा एकंदर समज. ज्याच्या अंगावर पित्त उठते, ज्याला परागकणांनी धाप लागते, त्याच्या तक्रारीस रक्तातील पुरावा मिळाला तो १९६६ साली. तो मिळवून दिला किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी पतिपत्नींनी.

‘ॲलर्जी’ ही संज्ञा व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्येच दिली होती. पुढे १९२१ मध्ये प्राउस्निट्झ आणि क्यूस्टनर या दोघा जर्मन वैद्यकांनी एक विलक्षण प्रयोग केला. क्यूस्टनर यांना मासे सोसत नसत. त्यांचा रक्तरस प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. ती जागा लाल होऊन फुगली. वावडे एका देहातून दुसऱ्या देहात नेता येते, अर्थात ते रक्तातील कोणत्या तरी पदार्थात असते, एवढे ठरले. पदार्थ कोणता, हे मात्र पुढली ४५ वर्षे ठरले नाही.

इशिझाका दांपत्य १९६२ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर येथे, दमेकरी मुलांच्या रुग्णालयाशी संलग्न असलेल्या संशोधन संस्थेत दाखल झाले. हा पदार्थ म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन ए हे प्रतिपिंडच होय, असे मत त्या वेळी प्रबळ होते. इशिझाकांनी ते गृहीत धरले नाही. रॅगवीड या तणाच्या परागांचे वावडे असलेल्या रुग्णांच्या रक्तरसातून त्यांनी हे ‘ए’ काढून टाकले. उरलेला रक्तरस त्वचेवर पूर्वीसारखाच परिणाम करीत राहिला. मग तो पदार्थ ज्यात अधिक होता असा अंश सशांना टोचून त्याविरुद्धची प्रतिपिंडे तयार केली, त्यांतून ज्ञात प्रकारांविरुद्धची वगळली, आणि जी उरली त्यांनी नेमका तोच अज्ञात पदार्थ ओळखला. रक्तात त्याचे प्रमाण नेहमीच्या प्रतिपिंडांहून दहा हजारांपेक्षाही अधिक पटींनी कमी असते. तत्कालीन उपकरणे जेथे थिटी पडत, तेथे मोजमापासाठी दोघे आपलीच त्वचा पुढे करीत. (अशा चाचण्या आज कोणी करू धजणार नाही, परक्या रक्तरसाबरोबर कावीळही अंगात शिरू शकते.)

स्वीडनमध्ये जोहान्सन व बेनिख यांना एका रुग्णाच्या रक्तात असाच अपरिचित पदार्थ आढळला होता. उभय गटांनी नमुन्यांची देवघेव करून तो एकच असल्याची खात्री करून घेतली, आणि १९६८ मध्ये त्यास इम्युनोग्लोब्युलिन ई हे नाव मिळाले. श्रेयाच्या तंट्यात दशके घालविणाऱ्या पंडितांनी ही देवघेव अवश्य अभ्यासावी.

श्रेयाचा एक हिशेब तरीही चुकलाच. १९६६ च्या शोधनिबंधावर दोघांचीही नावे आहेत, आणि १९७३ चा गेर्डनर पुरस्कारही दोघांना मिळाला. जपान सरकारने मात्र १९७४ मध्ये संस्कृती सन्मान दिला तो एकट्या किमिशिगे यांना. मास्ट पेशींतून हिस्टामिन कसे सुटते याचा तेरुको यांनी केलेला अभ्यास पाहता हा भेद समर्थनीय वाटत नाही.

संशोधनाचे अनुदान मंजूर करताना ‘उपयोग काय?’ असे विचारण्याची आपली रीत आहे. प्रश्न गैर नाही, पण उत्तराची मुदत आर्थिक वर्षाच्या अखेरीस संपावी, हा आग्रह गैर आहे. डेन्व्हरच्या रुग्णालयाला १९६६ मध्ये दाखविण्याजोगे एकही नवे औषध नव्हते. हे प्रतिपिंड निष्प्रभ करणारे ओमालिझुमॅब अमेरिकेत दम्यासाठी मान्य झाले २००३ मध्ये, म्हणजे ३७ वर्षांनी. अन्नाचे वावडे असलेल्याच्या पोटात चुकून तो पदार्थ गेला, तर होणारा अपाय कमी करण्यासाठी तेच औषध २०२४ मध्ये मान्य झाले. तोवर किमिशिगे २०१८ मध्ये व तेरुको २०१९ मध्ये निवर्तले होते.