'मिसिसिपी मसाला' : रंग दिसला, जात कुठे गेली?

मीरा नायर यांचा 'मिसिसिपी मसाला' (१९९१) हा चित्रपट भारतीय मुलगी आणि कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण यांच्या प्रेमाची धाडसी कथा म्हणून नावाजला जातो. तो धाडसी आहेच. पण आंबेडकरी तरुणांनी तो आणखी एका नजरेने पाहावा, असे आमचे म्हणणे आहे.

१९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना देशाबाहेर काढले. त्यांपैकी एक वकील जय. पत्नी किन्नू आणि मुलगी मीना यांच्यासह तो पुढे अमेरिकेतल्या ग्रीनवूडमध्ये, नातेवाइकांच्या मोटेलात राहतो. मोठी झालेली मीना डिमिट्रियसच्या प्रेमात पडते. त्याचा गालिचे साफ करण्याचा धंदा आहे. मीनाच्या हातून त्याच्या गाडीला धडक बसते, तेव्हा खटल्याच्या भीतीने हेच मोटेलवाले त्याला सांगतात की, गोरे नसलेले आपण सारे एकच! प्रेम उघड होताच मात्र ही एकी संपते. डिमिट्रियसची कामे बंद होतात, बँक कर्जासाठी मागे लागते. याला काय म्हणतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. याला बहिष्कार म्हणतात.

डिमिट्रियस जयला सुनावतो की, तुम्ही इथे आलात आणि गोऱ्यांसारखे वागू लागलात. आम्हाला हे अर्धेच सत्य वाटते. मुलीच्या लग्नावर पहारा ठेवायला या लोकांना मिसिसिपीत कुणी शिकवले नाही. ते सामान भारतातून युगांडात आणि तिथून अमेरिकेत सोबतच गेले. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की, जातीचा प्राण सजातीय विवाहात आहे. चित्रपट रंगावर बोलतो. जातीला मात्र आडोसा मिळतो. जात परदेशातही जाते, हे मान्य करून तिथल्या सिएटल शहराने जातिभेदाविरुद्ध कायदा केला, तो २०२३ साली.

जयचे दुःख खोटे नाही. ज्या देशाला आपले मानले, त्यानेच त्याला हाकलले. पण अन्याय सोसलेला माणूस आपोआप समतावादी होत नाही. हा धडा आपल्यालाही लागू आहे. आपल्या वधू-वर मेळाव्यांत 'गोरी मुलगी हवी' असे लिहिलेले परिचयपत्र कसे चालते? धम्म स्वीकारल्यावरही पोटजात कशासाठी विचारली जाते?

मीना आणि डिमिट्रियस शेवटी गाव सोडून जातात. प्रत्येक जोडप्याने पळूनच जावे काय? 'जातिनिर्मूलन'मध्ये (१९३६) बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हा खरा उपाय सांगितला. पण शास्त्रांचे पावित्र्य मोडल्याशिवाय माणसे तो स्वीकारणार नाहीत, हेही बजावले. म्हणून प्रेमिकांचे कौतुक करून थांबू नका. विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिलेल्या जोडप्याला तीस दिवस जीव मुठीत धरून काढावे लागतात. त्या तीस दिवसांत त्यांना आपल्या वस्तीत, आपल्या विहारात आसरा मिळाला पाहिजे. चळवळीचे काम तिथे आहे.

जय भीम!