'धर्मसत्ता' : एका सैल संज्ञेची चिकित्सा

हैदराबाद मुक्तिसंग्रामविषयक साहित्याच्या चर्चेत निजामी राजवटीला सर्रास 'धर्मसत्ता' म्हटले जाते. हा वापर तपासला पाहिजे. 'थिऑक्रसी'चा मूळ ग्रीक शब्द पहिल्या शतकात जोसिफसने ज्यूंच्या राज्यव्यवस्थेसाठी योजला. तेथे सार्वभौम ईश्वर आहे, राजा नव्हे. मराठीतील 'धर्मसत्ता' राजसत्तेहून वेगळ्या धर्मपीठाच्या अधिकाराचा निर्देश करते, तर 'धर्मराज्य' न्याय्य राज्याचा गौरव करते. या भिन्न कल्पना एका शब्दात कोंबल्या की विवेचन संपते आणि केवळ शिवी उरते.

कन्नड तालुक्यातील पिशोर १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली होते. तो अंमल धर्मपीठाचा नव्हता, आसफजाही घराण्याच्या फर्मानांचा होता. किशनप्रसादांसारखा हिंदू सरदार या संस्थानाचा दिवाण होऊ शकला. म्हणून राजवट धर्मनिरपेक्ष ठरत नाही. मजलिसने सार्वभौमत्वाचा दावा मुस्लिम समाजासाठी केला, रझाकारांनी अत्याचार केले. परंतु तो दावा जमातीच्या वर्चस्वाचा होता, ईश्वरी शासनाचा नव्हे.

'जमातवादाच्या आधाराने तगू पाहणारी सरंजामी एकतंत्री सत्ता' हे वर्णन लांबलचक असले तरी अचूक आहे. 'धर्मसत्ता' म्हणताच जहागीर, वतन, शेतसारा हे सगळे दृष्टीआड होते. कुळाला नाडणारा वतनदार हिंदू असेल, तर या संज्ञेत त्याला जागाच उरत नाही. शोषकांपैकी काहींना लपवणारी संज्ञा समीक्षेने वापरू नये.