जिल्हा परिषदेची दंडार

दिवाळी आटोपली की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. गावोगाव दंडार होते, रात्रभर नाटके चालतात. एकाच नटाने पहिल्या अंकात राजा आणि तिसऱ्या अंकात दरोडेखोर व्हावे, याचे भंडारेकरांना नवल नाही. पहाट झाली की नट तोंडाचा रंग धुतो आणि धानाच्या बांधीवर कामाला जातो. आमच्या पुढाऱ्यांची अडचण एवढीच की ते तोंड कधी धुतच नाहीत!

१० मे २०२२ चा खेळ आठवा. मुंबईत तेव्हा काँग्रेस, राष्ट्रवादी आणि शिवसेना एका ताटात जेवत होते. भंडारा जिल्हा परिषदेत एकूण जागा ५२. त्यात काँग्रेस २१, राष्ट्रवादी १३, भाजप १२. बहुमताला हवेत २७. जिल्हा परिषदेच्या शाळेतले पोरही २१ आणि १३ ची बेरीज करून ३४ सांगेल. पण पुढाऱ्यांची अंकलिपी वेगळी असते. शेजारच्या गोंदियात भाजप ५३ पैकी २६ वर अडला होता. तिथे राष्ट्रवादीने त्याला हात दिला. इकडे भंडाऱ्यात माजी आमदार चरण वाघमारे यांच्या गटातले भाजपचे सदस्य काँग्रेसकडे गेले आणि काँग्रेसचे गंगाधर जिभकाटे अध्यक्ष झाले. सभागृहात हमरीतुमरी झाली ती भाजपच्याच दोन गटांत.

मग काँग्रेसचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले म्हणाले की राष्ट्रवादीने पाठीत खंजीर खुपसला. खंजीर खरा असेल. पण ज्या भाजपला गोंदियात जवळ केले म्हणून मित्रपक्ष दगाबाज ठरला, त्याच भाजपच्या फुटीरांच्या खांद्यावर भंडाऱ्यात काँग्रेसची खुर्ची ठेवली गेली, त्याला काय म्हणावे? १ मे १९९९ पर्यंत हे दोन्ही जिल्हे एकच होते. जिल्हे वेगळे झाले, धंदा मात्र सामाईक राहिला. पुढे जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटून अर्धीअधिक भाजपच्या मांडीवर बसली, तेव्हा मुंबईचे पत्रपंडित चकित झाले. आम्ही झालो नाही. आम्ही रंगीत तालीम आधीच पाहिली होती.

आमच्याकडच्या यंत्रांचेही तेच. २८ मे २०१८ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत मतदान यंत्रे ठिकठिकाणी बंद पडली, ४९ केंद्रांवर पुन्हा मतदान घ्यावे लागले आणि कारण सांगितले गेले ऊन! भर उन्हात तेंदूपत्ता तोडणारी बाई रांगेत उभी राहिली, तिला ऊन लागले नाही. सावलीत ठेवलेल्या यंत्राला मात्र लागले.

हसून झाले असेल तर आता एक जुनी गोष्ट ऐका. १९५४ च्या उन्हाळ्यात याच भंडाऱ्यातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे होते. मतदारसंघ दोन जागांचा. एक सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. आपल्या लोकांनी दुसरे मत कुजवावे, म्हणजे बाबासाहेबांचा विजय सोपा होईल, असा हिशेब कार्यकर्त्यांनी मांडला होता. बाबासाहेबांनी तो साफ नाकारला, ही आठवण चळवळीतली जुनी माणसे आजही सांगतात. ज्याने राज्यघटना लिहिली तो मत वाया घालवायला कसे सांगणार? सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले आणि बाबासाहेब हरले. एक मतही कुजू नये म्हणून पराभव पत्करणारा माणूस ज्या मातीने पाहिला, त्याच मातीत आज मतदाराचे अख्खे मत खुर्चीखाली कुजते आणि त्याला 'राजकीय खेळी' म्हणून वर्तमानपत्रात चौकटीत छापतात.

त्या चौकटीत काय छापले जात नाही, ते पाहा. जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातले २० टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करावयाचे असतात. ग्रामपंचायतीसाठी हे प्रमाण १५ टक्के आहे. वस्तीतली नाली, शाळा, आरोग्य केंद्र यांच्या चाव्या याच सभागृहात असतात. अध्यक्ष कोणाचा झाला याची बातमी आठवडाभर चालते. २० टक्क्यांतला रुपया कोणत्या वस्तीत पोहोचला याची दोन ओळींचीही बातमी होत नाही. त्या पैशासाठी कोणी कोणाच्या पाठीत खंजीर खुपसल्याचे ऐकले आहे काय? खुर्चीसाठी सभागृहात अंगावर धावणारे सदस्य वस्तीच्या पैशासाठी नुसते उभे तरी राहतात काय?

म्हणून एवढेच करा. पुढच्या वेळी तुमचा सदस्य मंडईत टोपी घालून मंचावर बसलेला दिसला, की त्याला 'भाऊ, सध्या कोणत्या पक्षात?' असे विचारू नका. ते त्यालाही ठाऊक नसेल. 'भाऊ, आमचे २० टक्के कुठे गेले?' असे विचारा. चारचौघांत विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत त्याच्या समोरून हलू नका. तोंडाचा रंग उतरवायला एवढे पाणी पुरते.