परिपाठातले जोडलेले हात

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या बोरीत काय किंवा मराठवाड्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, सरकारी मराठी शाळेच्या परिपाठाचा साचा बहुतेक सारखाच असतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, बोधकथा. दुपारी खिचडीचे ताट समोर आले की पुष्कळ शाळांत ‘वदनी कवळ घेता’ म्हटले जाते, कुठे शाळा सुटताना पसायदान होते. त्यामुळे ‘विद्यार्थ्यांना शाळेत प्रार्थना करू द्यावी का’ हा अमेरिकेत वर्षानुवर्षे गाजलेला प्रश्न आपल्याकडे येताच उलटा होतो. प्रार्थना करणाऱ्याला इथे सहसा कोणी अडवत नाही. न करणाऱ्याचे काय, हे कोणी विचारत नाही. या दोघांचेही हक्क एकाच नियमाने सांभाळता येतील असे मला वाटते. प्रार्थना मुलाच्या मनाची असावी, मुख्याध्यापकाच्या हुकमाची नसावी.

तो नियम नवा नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेतही कोणाला उपासनेत सहभागी होण्याची सक्ती करता येत नाही; त्याची स्वतःची संमती लागते आणि मूल अज्ञान असेल तर पालकाची. आपल्या गावोगावच्या संस्थांच्या माध्यमिक शाळा या दुसऱ्या प्रकारात मोडतात. नाशिकच्या अशाच एका शाळेतले शिक्षक प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला तयार नव्हते. संस्थेने ती बेशिस्त मानली आणि त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. हात जोडण्याची सक्ती हा मूलभूत हक्काचा भंग ठरला. पगारदार, कायदा जाणणाऱ्या प्रौढ माणसाला एवढ्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. तिसरीतल्या मुलीने कुठे जायचे?

तिच्या ताटाकडे जरा पाहू. ‘वदनी कवळ’मध्ये श्रीहरीचे नाव घ्यायला सांगितले आहे. ज्या घराने १९५६ नंतर बौद्ध धम्म स्वीकारला, त्या घरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आहेत आणि राम-कृष्णाची उपासना करणार नाही, हे त्यांत स्पष्ट सांगितले आहे. मुसलमान घरातले मूल जेवायला बसताना ‘बिस्मिल्लाह’ म्हणते. समोर वाफाळती खिचडी, पोटात भूक आणि वाढणाऱ्या मावशी श्लोक संपायची वाट पाहत उभ्या. अशा वेळी आठ वर्षांचे पोर ‘माझी संमती नाही’ असे म्हणेल, हे कागदावरच शक्य आहे. शालेय पोषण आहार हा त्याचा कायद्याने मिळालेला हक्क आहे. तो घेण्याआधी अमुक देवाचे नाव घेण्याची अट कोणत्याही कायद्यात नाही.

यावर कोणी म्हणेल, मग शाळेतून देवाधर्माचे नावच काढून टाका. ते मला मान्य नाही आणि मराठवाड्याच्या माणसाला तर ते मुळीच मान्य होऊ नये. १९३८ साली निजामाच्या राजवटीत उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतले विद्यार्थी आपल्या प्रार्थनागृहात ‘वंदे मातरम्’ म्हणत, त्यावर बंदी आली. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातली मुलेही या लढ्यात उतरली, संप झाले, शेकड्यांनी विद्यार्थी काढून टाकले गेले. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले; पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. ही मुले आपल्या प्रार्थनागृहात, आपल्या वेळेत गात होती. शेजारच्या विद्यार्थ्याला ‘तूही गा’ असा दंडक त्यांनी घातला नव्हता. म्हणून बंदी घालणारी सत्ता चुकीची होती. त्याच मोजमापाने आज मधल्या सुट्टीत कोपऱ्यात नमाज पढणारा मुलगा किंवा पेपर हातात पडण्यापूर्वी डोळे मिटून गणपतीला स्मरणारी मुलगी यांना हटकण्याचा अधिकार कोणत्याही गुरुजींना नाही. पण हीच मोजपट्टी परिपाठाला लावली की तिथे शंभर मुलांच्या रांगेपुढे उभा असलेला माणूस सरकारी पगारावर असतो, आणि त्याने ‘हात जोडा’ म्हटले की ती आज्ञाच होते.

सर्वांत वजनदार आक्षेप असा, की आपल्या प्रार्थना सर्वसमावेशक आहेत. त्यांनी कोणाचे काय बिघडते? काहींच्या बाबतीत हे खरेच आहे. ‘खरा तो एकचि धर्म’ लिहिणाऱ्या साने गुरुजींनी १९४७ साली विठ्ठलाचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून पंढरपूरला उपोषण केले होते. त्यांचे गीत सगळ्यांनी मिळून म्हणावे, हे उत्तमच. पण ‘सर्वसमावेशक’ हा शिक्का कोण मारतो? बहुतेकदा ज्याला ती प्रार्थना घरातूनच पाठ असते, तो. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने तयार केलेली प्रार्थना अवघ्या २२ शब्दांची होती, तीत कोणत्याही पंथाचे नाव नव्हते आणि नको असेल त्याला बाजूला राहण्याची मुभाही होती. तरीही १९६२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, कारण प्रार्थना रचून शाळेत म्हणवून घेणे हे सरकारचे काम नव्हे. आपण अमेरिकेची नक्कल करण्याचे कारण नाही. पसायदान मराठीच्या तासाला वाचावे, समजून घ्यावे, हवे तर पाठ करावे. त्यात कोणाची उपासना होत नाही. रांगेत हात जोडून म्हणवून घेणे ही वेगळी गोष्ट.

शिस्तीचा मुद्दाही निघतो, पण तो फार टिकत नाही. केरळातली तीन भावंडे धार्मिक श्रद्धेमुळे राष्ट्रगीत गात नव्हती, मात्र ते चालू असताना आदराने उभी राहत. १९८५ साली शाळेने त्यांना काढले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावले. राष्ट्रगीताच्या वेळी गप्प उभे राहिल्याने शिस्त मोडत नसेल, तर प्रार्थनेच्या वेळी ती कशी मोडेल?

अडचण आहे ती गावाची. शहरात वेगळे वागणारे मूल गर्दीत खपून जाते. गावात गुरुजी, सरपंच, किराणा दुकानदार सगळे एकमेकांना ओळखतात. ‘अमक्याचं पोर हात जोडत नाही’ ही बातमी संध्याकाळपर्यंत पारावर पोचते. त्यामुळे पालकांनी अर्ज करून सूट मागावी, ही वाट इथे कामाची नाही. मागणाराच उघडा पडतो. बदल शाळेने आपणहून करायला हवा. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. जूनमधल्या पहिल्याच बैठकीत समितीने ठराव करावा: परिपाठात कोणत्याही देवतेचे नाव नसलेले गीत असेल, हात जोडण्याची सूचना दिली जाणार नाही, ताट समोर आल्यावर ज्याला जे म्हणायचे ते त्याने मनात म्हणावे, आणि स्वतःच्या वेळेत प्रार्थना करणाऱ्याला कोणी टोकू नये. याला सरकारी खर्च शून्य आहे, आणि जिल्हा परिषदेच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचीही गरज नाही.