ट्यूबलाइट गुणगुणते, ऐकलंय का?

जुनी चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होत असते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून त्याच्या दुप्पट. डोळ्यांना हे कळत नाही. पण अंगणातल्या सोलर दिव्याची ती छोटी काळी पट्टी काढा, तिच्या दोन वायर जुन्या स्पीकरच्या माइकच्या पिनेला जोडा आणि ट्यूबखाली धरा. घूंऽऽ असा आवाज येईल. टीव्हीचा रिमोट तिच्यासमोर दाबा, टर्र-टर्र. टॉर्चच्या झोतात केसांचा कंगवा फिरवा, झर्रर्र. उजेड कमी-जास्त झाला की पट्टीतली वीज कमी-जास्त होते आणि स्पीकर ती बोलून दाखवतो, एवढीच भानगड आहे.

आता हेच उलटं करायचं. गाण्याच्या तालावर उजेडालाच हलवायचं, म्हणजे तारेशिवाय गाणं खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातं. तळेगाव (श्यामजी पंत)हून रोज एसटीने आर्वी नाहीतर अमरावतीला कॉलेज करणाऱ्या कुणालाही हे जमेल. एक एलईडी, बॅटरी, रेझिस्टर आणि जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतला छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लागतो. भंगारवाल्याकडे असे रेडिओ पडलेले असतात.

पहिल्यांदा बहुतेकांचं ते चालत नाही. मोबाइलची ऑडिओ वायर थेट एलईडीला लावली जाते आणि मग ‘काहून चालत नाही बे?’ सुरू होतं. कारण साधं आहे. लाल एलईडी पेटायलाच साधारण दोन व्होल्ट लागतात आणि हेडफोनच्या पिनेतून त्याहून कितीतरी कमी येतात. म्हणून आधी बॅटरी आणि रेझिस्टर लावून एलईडी मध्यम पेटता ठेवायचा. ट्रान्सफॉर्मरची एक बाजू मोबाइलला, दुसरी एलईडीच्याच सर्किटमध्ये. आता आवाज वर गेला की दिवा किंचित तेज, खाली आला की किंचित मंद. समोर सोलर पट्टी धरा, गाणं ऐकू येतं. मधे हात घाला, बंद. हात काढा, सुरू. मधे भिंग ठेवून झोत एकवटला तर अंतर वाढतं. लेझर पॉइंटरने आणखी वाढतं, पण लेझर कुणाच्या डोळ्यावर नको. आणि आपल्या गावाला लागूनच नागपूर-अमरावती महामार्ग आहे, तेव्हा गच्चीवरून रस्त्याच्या दिशेने तर अजिबात नको.

यात नवीन काय, असं कुणी म्हणेल. काहीच नाही, आणि मला तेच आवडतं. १८८० साली अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्याचा सहकारी चार्ल्स टेंटर यांनी वॉशिंग्टनमध्ये ‘फोटोफोन’ बनवला. पातळ आरशाच्या मागे बोलायचं, आरसा थरथरतो, त्यावरून परतणारं ऊन थरथरतं. पलीकडे सेलेनियमचा तुकडा ते ऊन झेलतो. टेंटर एका शाळेच्या गच्चीवरून बोलला आणि २१३ मीटरवर आपल्या प्रयोगशाळेत बसलेल्या बेलने ऐकलं. टेलिफोनपेक्षाही हा शोध मोठा, असं बेलचं मत होतं. पण ढग आला, धुकं आलं की बोलणं तुटायचं. त्यामुळे फोटोफोन बाजारात काही टिकला नाही.

आपल्याकडे मात्र हीच युक्ती गावोगावच्या यात्रेत पोचली होती. तंबूतला सिनेमा आठवणारी माणसं घरात असतील तर विचारा. फिल्मच्या रिळावर चित्राच्या शेजारी एक बारीक नागमोडी पट्टी असायची. प्रोजेक्टरमधला एक छोटा दिवा त्या पट्टीतून पलीकडच्या फोटोसेलवर पडायचा. पट्टी जिथे रुंद तिथे उजेड जास्त, जिथे अरुंद तिथे कमी, आणि त्यातून संवाद, गाणी, सगळं. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ आणला. मास कॉम शिकताना हे सिनेमे ‘बोलू लागले’ एवढंच आम्ही नोट्समध्ये उतरवलं. ते दिव्याच्या उजेडातून बोलत होते, हे फिजिक्सवाल्या मित्राने सांगेपर्यंत कळलं नव्हतं. आणि त्याला बिचाऱ्याला प्रभात माहीत नव्हतं!

आज तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर बोलता तेव्हाही आवाज वाटेत कुठेतरी उजेड होऊन काचेच्या केसाएवढ्या तारेतून धावतोच. तिथे तो आकड्यांत बदललेला असतो, एवढा फरक. बेलला आडवा आलेला ढग त्या काचेत शिरू शकत नाही.

मुद्दा असा की हे सगळं बीएस्सीच्या प्रॅक्टिकलच्या टेबलावर सहज मांडता येतं. मग तिथे काय होतं? जर्नल मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरतं. रीडिंग आधी लिहिलं जातं, ग्राफ त्यावर बसवला जातो. प्रोजेक्ट तर शहरातून तयार डब्यात मिळतो, रिपोर्टसकट, फक्त नाव बदलायचं. व्हायव्हात ‘हा रेझिस्टर इथे का?’ विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. मी पोरांना एकट्यांना दोष देणार नाही. ज्या लॅबचं कपाट परीक्षेलाच उघडतं आणि जिथे एक एलईडी जळाला तर भरपाई मागतात, तिथे कोण हात घालेल? एलईडी दोन-चार रुपयांना मिळतो हो. तो जळाल्याशिवाय रेझिस्टर कशासाठी असतो ते समजत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत. ते कागदावर भरायचे की हाताने मिळवायचे, हे कॉलेजनेच ठरवावं लागेल. आमची मागणी छोटी आहे. आठवड्यातून एक दुपार लॅब उघडी ठेवा, कुठल्याही शाखेच्या मुलांसाठी, आर्ट्सवाल्यांसाठीही. चाललेल्या यंत्राला जेवढे मार्क, तेवढेच न चाललेल्या यंत्राच्या नीट लिहिलेल्या नोंदीला द्या. काय लावलं, काय झालं, मग काय बदललं. अशी नोंद मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवता येत नाही.

तोवर थांबायचीही गरज नाही. या रविवारी सोलर पट्टी आणि स्पीकर घेऊन घरातल्या प्रत्येक दिव्याखाली जा. काही एलईडी बल्ब अगदी गप्प असतात, काही जोरात घुंई करतात. कोणता का, ते शोधा, आणि सोमवारी सरांना विचारा.